मागचं मागचा बघेल

भाचीला लर्निंग लायसन्स मिळालं आणि घरातला प्रत्येकजण ड्रायव्हिंगचा मास्तर झाला. त्यातला भाऊजींचा मंत्र सगळ्यांना पटलेला: "तू फक्त पुढे बघ. मागचं मागचा बघून घेईल." मी ब्रिटनमधून व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "भाऊजी, मग आरसे लावलेत कशाला?" उत्तर तयार होतं. "तुमचं तिकडचं तिकडे. इथे आरशात बघत बसली तर पुढच्याच्या डिकीत जाईल." सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

कारण तो नुसता सल्ला नाही, आपल्याकडची सगळी वाहतूक त्या तत्त्वावर चालते. गल्लीतून येणारा मान न वळवता हमरस्त्यावर घुसतो, का? मागचा बघेल. अरुंद बोळात मिटलेले आरसे मोठ्या रस्त्यावर आल्यावरही तसेच मिटलेले. आणि पुढचा बघतच नाही म्हटल्यावर मागच्याला ओरडून सांगावंच लागतं, म्हणून हॉर्न. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ट्रकमागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. अक्षरं पुसता येतात हो, पण आरशाचं काम हॉर्नवर सोपवलेलं आहे तोवर तो वाजणारच.

इथे ब्रिटनमध्ये शिकाऊ माणसाच्या कानीकपाळी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट ओरडली जाते: आधी आरसा, मग इंडिकेटर, मग स्टिअरिंग. परीक्षेत पंधरापर्यंत किरकोळ चुका चालतात, गंभीर एकही नाही. लेन बदलताना आरशात न बघितल्यामुळे मागच्याला ब्रेक मारावा लागला, की तिथेच निकाल लागला. त्याआधीची थिअरी वेगळीच. पन्नासपैकी त्रेचाळीस उत्तरं बरोबर हवीत, आणि २००२ पासून त्याला जोडून व्हिडिओची परीक्षा. चौदा क्लिपा दाखवतात. पार्क केलेल्या गाड्यांमागून कोणी रस्त्यावर येण्याच्या बेतात दिसलं, की लगेच माउस क्लिक करायचा. धोका घडल्यावर नव्हे, तो आकार घेतोय हे दिसताच. हुशारी म्हणून सारखं क्लिक करत बसलात, तर त्या क्लिपला शून्य.

आपल्याकडे लर्निंगला पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्याही देता येते; घरी शेजारी कोण बसलेलं असतं, ते मी सांगायला नको. मग पक्क्या लायसन्ससाठी ट्रॅकवर गाडीने इंग्रजी 'एच' काढायचा. त्या ट्रॅकवर मागून कोणीही येत नसतं. म्हणजे भाऊजींचं तत्त्व आरटीओलाही मान्य आहे म्हणायचं.

"तिकडे रस्ते मोकळे असतात," हे पुढचं हुकमी वाक्य. एकदा माझ्या रस्त्यावर येऊन बघा. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मध्ये एकाच गाडीपुरती जागा, समोरून डिलिव्हरीची व्हॅन. व्हॅनवाला डिपर मारतो. इथे त्याचा अर्थ 'ये, तू आधी'. आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतोय, तू थांब'. हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतुकीच्या नियमपुस्तकात, खरं तर दोन्ही अर्थ नाहीत, 'मी इथे आहे' एवढंच कळवायला तो दिवा. पण दोघांपैकी एकजण थांबतो आणि दुसरा हात वर करून जातो. शिवाय गाडी दोन्ही देशांत डावीकडूनच चालते, तेव्हा तीही सबब नको.

मग मी आकड्यांवर येतो, आणि इथेच मी घरात वाईट ठरतो. २०२२ साली भारतात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. ब्रिटनमध्ये सुमारे १,७००. लोकसंख्या एकवीसपट, मृत्यू शंभरपट. ताई म्हणाली, "तुलनाच चुकीची. आपल्याकडे जाणारे बहुतेक दुचाकीवरचे, नाहीतर पायी चालणारे. तुमच्याकडे एवढ्या दुचाकी आहेत कुठे?" बरोबर आहे. पण ताई, तो 'मागचा' म्हणजे हाच ना? आरशात न बघता डावीकडे वळलो, की आपल्या दारावर येऊन आदळतो तो.

भाचीचा आक्षेप मात्र खरा आहे. मी तिला सांगितलं होतं, पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेव, पावसात चार. ताशी साधारण पन्नास किलोमीटरला गाडी थांबायला तेवीस मीटर लागतात. त्यातले नऊ तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. ती म्हणाली, "मामा, दोन सेकंद सोडले तर त्यात तीन जण घुसतात." घुसू दे. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल कर आणि पुन्हा जागा सोड. परत घुसले, परत सोड. आणि मागचा अगदी बंपरला चिकटला असेल, तर पुढची जागा आणखी वाढव, म्हणजे तुला कचकन ब्रेक मारावा लागणार नाही आणि त्यालाही थांबायला वेळ मिळेल. आता मागचा चिकटलाय हे आरशात बघितल्याशिवाय कळणार कसं? भाऊजी, पुढचं बघायला मागचं माहीत असावं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

बाकी बारीकसारीक: गाडी थांबल्यावर दार डाव्या हाताने उघड. मान आपोआप मागे वळते आणि येणारा स्कूटरवाला दिसतो. फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात. इथे नवीन लायसन्सवाल्याच्या हातात गाडी चालवताना फोन सापडला तर लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट, आणि पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा एलपासून सुरुवात.

आता जे घरी बोललो नाही ते. भारतातलं लायसन्स इथे बारा महिने चालतं. त्यानंतर एवढी वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही लाल एलची पाटी लावावी लागते. ती लावताना मी मनातल्या मनात भाऊजींच्याच थाटात म्हणत होतो, या आमच्याकडे आणि दाखवा चालवून. अजूनही ऑफिसात कोणी भारतातल्या चौकाचा व्हिडिओ दाखवून हसायला लागलं की माझं डोकं फिरतं. "नीट बघ, कोणी कोणाला धडकलं का?" असं मी त्याला ऐकवतो. म्हणजे मागचं मागचा बघेल, हे मी इंग्रजीत म्हणतो, आणि घरी फोन लावून मराठीत त्याच्यावर भांडतो. सुट्टीत तिकडे गेलो की किल्ली मला कोणी देत नाही. "राहू दे, तुला सवय नाही आता." मी डाव्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत राहतो. आणि भल्या पहाटे रस्ते रिकामे असताना भाचीला गाडी शिकवायला उठतात ते भाऊजीच.

परवा ती म्हणाली, "मामा, डिसेंबरात आलास की तूच बस माझ्या शेजारी." मी लगेच हो म्हटलं. मग आठवलं, शिकाऊच्या शेजारी चालू लायसन्सवाला माणूस लागतो आणि माझं भारतातलं लायसन्स कधीच संपलंय. वर्षभरापेक्षा जास्त उशीर झाला की नूतनीकरणाआधी पुन्हा टेस्ट द्यावी लागते. हे भाऊजींना सांगायला नको होतं.

"ये तू," ते म्हणाले, "दोघांनाही एकाच दिवशी ट्रॅकवर नेतो."