विमीचं श्रेय नक्की कुणाला?

विमी रिज म्हणजे पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या फौजेने जर्मनांकडून जिंकलेली फ्रान्समधली टेकडी. कॅनडात तिचा विषय निघाला की ‘आमचं राष्ट्र तिथे जन्मलं’ हे ऐकायला मिळतंच. असेल बुवा. मला मात्र त्याआधीची अडीच वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. एका मंत्र्याच्या हेक्यापायी किती पोरं हकनाक गेली असतील, असा प्रश्न पडतो.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा लष्कराकडे भरतीची योजना तयार होती. संरक्षण खातं सांभाळणारे मंत्री सॅम ह्यूज यांनी ती बाजूला सारली आणि मिलिशियाच्या, म्हणजे अर्धवेळ नागरी सैन्याच्या, अधिकाऱ्यांना थेट तारा ठोकल्या, माणसं घेऊन क्युबेकजवळ वालकार्टियेला या! तिथली छावणी उभी राहायची होती, तरी ३० हजारांवर माणसं जमली. (त्यातले बहुतेक जन्माने ब्रिटिश, हे राष्ट्रजन्मवाले सहसा सांगत नाहीत.) ऑक्टोबरमध्ये जहाजं निघालीसुद्धा. उरलेलं प्रशिक्षण इंग्लंडात, सॉल्सबरीच्या पावसाचिखलात.

हातात ह्यूजसाहेबांची लाडकी रॉस रायफल. नेमबाजीच्या स्पर्धेत झकास, खंदकात भराभर गोळ्या झाडायला लागलं की अडकायची. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला, विषारी वायू अंगावर येत असताना, सैनिक तिचा बोल्ट बुटाने लाथाडत होते. मेलेल्या ब्रिटिश शिपायांच्या ली-एनफिल्ड रायफली उचलून लढले. साहेब तरीही रॉसचीच बाजू घेत राहिले. नोव्हेंबर १९१६ मध्ये पंतप्रधान बोर्डन यांनी त्यांना एकदाचं घरी बसवलं.

एप्रिल १९१७ च्या विमीमागे वेगळीच डोकी होती. कॅनडाचे सेनानी आर्थर करी फ्रान्समधल्या व्हर्दंच्या रणभूमीवर जाऊन फ्रेंचांचे अनुभव विचारून आले. पिछाडीच्या शेतांत फिती लावून जर्मन खंदक आखले आणि तुकड्यांना त्यावरून घड्याळ लावून पुन्हापुन्हा चालवलं, कारण तोफांचा मारा जसा पुढे सरकेल तसंच त्याच्या मागे सरकायचं होतं. सुमारे ४० हजार नकाशे वाटले. अधिकारी पडला तर साध्या शिपायालाही पुढचं ठाऊक हवं, एवढा साधा विचार! तरीही ३,५९८ जण मेले. शौर्य ईप्रलाही होतंच की. फरक या कंटाळवाण्या तालमींचा.

पुढे स्वयंसेवक आटले. १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला, आणि १९१८ च्या ईस्टरला क्युबेक शहरात त्याविरुद्ध उसळलेल्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. चौघे मेले.

आणि संताप येतो तो याचा, की आपणहून आलेल्या कृष्णवर्णीयांना याच लष्कराने ठिकठिकाणी दारातून परत पाठवलं होतं. १९१६ मध्ये त्यांची वेगळी बांधकाम बटालियन काढली आणि फ्रान्सच्या जंगलांत लाकडं तोडायला धाडली. सरकारने त्याची माफी मागितली ती २०२२ साली.