नसत्या संरक्षणापासून सावध राहा

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊच नका. उजव्या कोपऱ्यातले ते तीन ठिपके फार तर हिस्टरी पुसण्यापुरते वापरावेत. कारण क्रोममध्ये तिथून पुढे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘सिक्युरिटी’ आणि त्यात ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ असा, फसव्या साइट आणि धोकादायक डाउनलोडपासून जास्तीचं संरक्षण देणारा पर्याय दबा धरून बसलेला असतो. २०२० पासून तो तिथे आहे. एका क्लिकचं काम, म्हणजे तुमच्या आवाक्याबाहेरचंच.

कोणी चालू करायला सांगितलंच, तर एकच वाक्य तोंडावर फेका: ‘म्हणजे मी कुठे कुठे जातो ते गूगलला कळणार!’ आक्षेप खरा आहे, खोटं कशाला बोला. हा पर्याय चालू केला की उघडलेल्या पानांचे पत्ते, संशयास्पद डाउनलोड, एक्स्टेंशनच्या (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या) हालचाली अशी माहिती गूगलकडे तपासायला जाते, आणि तुम्ही साइन-इन असाल तर काही काळ तुमच्या खात्याशी जोडलीही जाते. हे ज्याला मनापासून खटकतं तो फायरफॉक्समध्ये ट्रॅकिंगविरोधी संरक्षण ‘स्ट्रिक्ट’वर नेतो, नाहीतर ओळख लपवणारा टॉर ब्राउझर ‘सेफेस्ट’ या सगळ्यात कडक पातळीवर ठेवून अर्ध्या वेबसाइट मोडक्यातोडक्या अवस्थेत आनंदाने वाचतो. त्याच्याशी आपलं भांडण नाही. आपण हे वाक्य बोलायचं ते क्रोममध्येच साइन-इन करून, लोकेशन चालू ठेवून, आणि ‘म्हातारपणी तुम्ही कसे दिसाल’ हे सांगणाऱ्या अनोळखी साइटला फोटो, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर देऊन झाल्यावर.

दुसरा युक्तिवाद: ‘स्टँडर्ड आहे की!’ म्हणजे क्रोममध्ये मुळातच चालू असलेलं साधं संरक्षण. आहेच. पूर्वी त्यात धोकादायक साइटची यादी तुमच्याच कॉम्प्युटरवर असायची आणि दर ३० ते ६० मिनिटांनी ताजी व्हायची. बहुतेक फसव्या साइट १० मिनिटंसुद्धा जगत नाहीत हे गूगलनेच सांगितलं. वरातीमागून घोडं! शेवटी मार्च २०२४ मध्ये स्टँडर्डलाही तत्क्षणी तपासणी मिळाली. एन्हान्स्ड त्यापुढे जाऊन, अजून कुठल्याच यादीत न आलेलं पानही तपासू बघतं. इतकी भोचक चौकशी कशाला हवी? खरे जाणकार तर त्याच पानावरचा ‘नो प्रोटेक्शन’ निवडतात. क्रोम ‘नक्की ना?’ असं विचारतं, तिकडे लक्ष देऊ नये.

समजा, तरीही ‘ही साइट धोकादायक आहे’ असं सांगणारं लाल पान आडवं आलं. घाबरायचं नाही. मोठं ठळक बटण मागे जाण्याचं असतं, ते भित्र्यांसाठी. आपण कडेचं बारीक अक्षरांतलं ‘तपशील’ शोधायचं, त्याखाली आणखी बारीक अक्षरांतली पुढे जाण्याची लिंक शोधायची. अटी-शर्ती कधी न वाचणारी माणसं इथे मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, याचं मला कौतुक वाटतं.

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर तर डोळे मिटून विश्वास ठेवा. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये तिसरा कोणी डोकावत नाही. साइट चोराची असली तरी चोराशी होणारं बोलणं अगदी गुप्त राहतं. हे कुलूप मिळवून देणारं सर्टिफिकेट फुकट मिळायला लागल्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे चोरांनाही ती सोय आहे. लोक या चिन्हाचा भलताच अर्थ काढतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधून ते काढूनच टाकलं. दुष्टपणा, दुसरं काय!

‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं कुठे दिसलं तर ताबडतोब दाबा. ती नोटिफिकेशनची परवानगी असते, पण उगाच रोबो ठरण्यापेक्षा दिवसभर लॉटरी लागलेली बरी.

आणि एक दिवस ते पान येईल. पूर्ण स्क्रीन व्यापलेलं, भोंगा वाजतोय, ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे’, खाली फोन नंबर. माउस हलवून काही होत नाही. एस्केप की काही क्षण दाबून धरली तर बहुतेकदा फुल स्क्रीन सुटते, म्हणून तिला हात लावू नका. एन्हान्स्ड चालू असतं तर २०२५ पासून क्रोम, कॉम्प्युटरमध्येच बसवलेल्या जेमिनाय नॅनो या गूगलच्या छोट्या एआय मॉडेलकडून असली पानं वाचून घेतं आणि धोका वाटला तर इशारा देतं. म्हणजे फोन लावायची मजाच गेली. तुम्ही तो लावा. पलीकडचा माणूस अत्यंत नम्र असेल, कुठलं ॲप उतरवून घ्यायचं ते अक्षर-अक्षर सांगेल. मग म्हणेल, ‘सर, आता ब्राउझरचं संरक्षण बंद करायचं आहे.’ ते तुम्ही केव्हाच करून ठेवलंय असं सांगा. इतकं तयारीचं गिऱ्हाईक त्यालाही रोज भेटत नसेल.