फुकटचा टॅन, विकतची ट्यूब

परदेशात माणसं टॅन व्हायला, म्हणजे कातडी तपकिरी करून घ्यायला, पैसे मोजून दिव्यांच्या पेटीत झोपतात. वरखाली अतिनील नळ्या पेटतात आणि गोरा माणूस दहा-पंधरा मिनिटांत भाजून निघतो. हीच सेवा आमच्या नाशकात मे महिन्यातल्या दुपारी द्वारका चौकात अडकलेल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला मोफत मिळते. आगाऊ वेळ घ्यावी लागत नाही आणि सत्र किती मिनिटांचं ते पुढचा ट्रक ठरवतो.

त्या पेटीचे नियम कडक असतात. डोळ्यांवर खास गॉगल हवा, कारण मिटलेल्या पापणीतूनही किरण आत जातात. लोशन पेटीसाठीचं वेगळं. त्यात सनस्क्रीन नसतं, कातडी ओलसर ठेवणारी तेलं असतात. काहींत टायरोसिन (कातडी ज्यापासून रंग बनवते ते द्रव्य) घालून ‘रंग लवकर चढेल’ असं लिहितात, पण वरून चोपडलेल्या टायरोसिनने तसं होतं याला धड पुरावा नाही. काहींत ‘ब्रॉन्झर’ म्हणजे सरळ रंग असतो. एवढं करून कमावलेला टॅन उन्हापासून किती वाचवतो, तर एसपीएफ (सनस्क्रीनच्या ट्यूबवरचा नंबर) ३-४ इतका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये या पेट्या तंबाखूच्याच गटात, म्हणजे कर्करोग नक्की करणाऱ्या गोष्टींत टाकल्या. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांच्यावर बंदी आणली.

ज्यांना दिवे नकोत त्यांच्यासाठी बाटलीतला टॅन. त्यातलं डीएचए नावाचं द्रव्य कातडीच्या मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी जमून तपकिरी होतं. पाव भाजताना त्याचं कवच तांबूस होतं, ती रासायनिक क्रिया हीच. रंग दोन-चार तासांत दिसू लागतो आणि पाच-सात दिवसांत उतरतो. आदल्या दिवशी अंग हलकं घासून घ्यायचं. कोपर, गुडघे, टाचा इथे अगदी कमी लावायचं, कारण जाड कोरडी कातडी जास्त रंग पिते. लावून झालं की तळहात लगेच साबणाने धुवायचे. नाही धुतले तर आठवडाभर हात मेंदी बिघडल्यासारखे दिसतात आणि लग्न कोणाचं हे शेजारी विचारत राहतात. शिवाय हा रंग ऊन अडवत नाही.

आपल्याकडे प्रश्न उलटा. आम्ही नाशिककर आधी टॅन होतो आणि मग तो घालवायला बाहेर पडतो. कॉलेज रोडवरच्या पार्लरमध्ये ‘डी-टॅन’ करून बाहेर पडलेला चेहरा उजळ दिसतो, यात खोटं काही नाही. ब्लीच असेल तर त्याने तोंडावरची लव सोनेरी होते, आणि पॅकने वरचा मेलेला थर निघतो. कातडीला रंग देणारं मेलॅनिन आत जिथल्या तिथे बसलेलं असतं. कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे ‘आठ दिवसांत टॅन गायब’ ही जाहिरात आठ दिवस घरात बसलेल्यांनाही लागू पडत नाही.

घरगुती इलाजांपैकी मुलतानी माती तेल शोषते, हळद पिवळं करते, एवढ्यावर भागतं. लिंबू मात्र घातक. त्याच्या सालीत आणि रसात सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती कातडीवर राहिली आणि ऊन लागलं की दिवस-दोन दिवसांत भाजल्यासारखे चट्टे, कधी फोडही येतात, आणि मागे राहिलेले तपकिरी ओघळ महिनोन्महिने जात नाहीत. म्हणजे टॅन घालवायला लिंबू चोळून गच्चीत कपडे वाळत घालायला गेलेली व्यक्ती दुप्पट टॅन घेऊन खाली येते.

आता ट्यूब. मेडिकलमध्ये ‘सनस्क्रीन द्या’ म्हटलं की ‘किती नंबरचं?’ असा चष्म्याच्या दुकानासारखा प्रश्न येतो. नंबर फक्त यूव्हीबीचा, म्हणजे कातडी लाल करणाऱ्या किरणांचा. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के अडवतं, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८. तीस आणि पन्नासमध्ये फरक एका टक्क्याचा, किमतीत मात्र भरपूर. आपल्याला काळं करण्यात यूव्हीए या दुसऱ्या अतिनील किरणांचा हात मोठा, म्हणून ट्यूबवर त्यांच्यासाठी छापलेल्या ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिक (+) चिन्हं मोजा. तीन हवीत, चार असतील तर उत्तम. यूव्हीए काचेतूनही येतं. आग्रा हायवेवर रोज गाडी हाकणाऱ्यांचा खिडकीकडचा उजवा हात डाव्याच्या शेजारी ठेवून बघा.

दुसरी निवड आतल्या मालाची. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडची क्रीमं डोळ्यांना झोंबत नाहीत आणि नाजूक कातडीला मानवतात, पण सावळ्या चेहऱ्यावर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा थर सोडतात. रंगछटावालं घेतलं तर त्यात आयर्न ऑक्साइड असतं. ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, म्हणून वांग असणाऱ्यांनी तेच घ्यावं. छटा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जुळवू नका. जबड्याच्या कडेला ठिपका लावा आणि रस्त्यावर येऊन आरशात बघा. दुकानदार मागे धावत येईल, येऊ द्या. तेलकट चेहऱ्याला जेल, कोरड्याला क्रीम. स्प्रे नकोच, दुचाकीवर तो निम्मा मागच्याच्या तोंडावर जातो.

खरी मेख प्रमाणात आहे. ट्यूबवरचा नंबर प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, या दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत पट्टी काढायची. एवढं क्रीम पाहिलं की घरातल्या ज्येष्ठांचा जीव कासावीस होतो. बहुतेक लोक याच्या पाव ते अर्धं लावतात, आणि मग कागदावरचा पन्नास तोंडावर जेमतेम दहाच्या घरात उतरतो. हिशोब करा: एका वेळेला सव्वा ग्रॅम, दिवसातून तीनदा, म्हणजे पन्नास ग्रॅमची ट्यूब तेरा-चौदा दिवसांत संपली पाहिजे. तुमची दिवाळीत आणलेली ट्यूब गुढीपाडव्याला अजून निम्मी शिल्लक असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, तिचा वास घेता. म्हणून माझं मत, महागडी छोटी ट्यूब काटकसरीने पुरवण्यापेक्षा स्वस्त मोठी ट्यूब हात सैल सोडून वापरावी.

क्रम असा: मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, मग पंधरा मिनिटं थांबून मेकअप. फाउंडेशनमध्ये सनस्क्रीन कालवू नका, थर पातळ आणि फाटका बसतो. कान, मानेची मागची बाजू, केसांचा भांग आणि पायाचे पंजे हमखास सुटतात. चपलेच्या पट्ट्यांची इंग्रजी व्ही आकाराची नक्षी हा नाशिककरांचा ओळखपत्राइतका भरवशाचा पुरावा. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, घाम पुसला असेल तर त्याआधीच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवर हे कसं जमवायचं, ते ट्यूबवर लिहिलेलं नसतं.

त्यापेक्षा तोंडाला घट्ट स्कार्फ गुंडाळून आणि हातमोजे चढवून गंगापूर रोडवरून स्कूटर दामटणाऱ्या बायकांना मी मानतो. बाहेरगावचे पाहुणे हसतात, पण कापड पुसलं जात नाही आणि दर दोन तासांनी बदलावं लागत नाही. फक्त कापड निवडून घ्या. पातळ पांढरी सुती ओढणी फार थोडं अडवते, ओली झाली की आणखी कमी. गडद, दाट विणीचं कापड चांगलं. दिंडोरी-निफाडचा बागायतदार द्राक्षाच्या घडाघडाला कागद गुंडाळतो आणि स्वतः मात्र बागेत उघड्या मानेने फिरतो. बहुधा मानेला निर्यातीचा भाव नसतो म्हणून.

‘आपल्याकडे हवा थंड, ऊन कुठे लागतं?’ हा आणखी एक लाडका युक्तिवाद. गरम लागतात ते अवरक्त किरण, अतिनील अंगाला जाणवतच नाहीत. साधी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण जोरात आहेत, मग महिना डिसेंबर का असेना.

ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात तापून तेल आणि पाणी फुटतं, आणि दाबल्यावर आधी पिवळट पाणी येतं. अशी ट्यूब फेकून द्यायची असते, हलवून वापरायची नसते. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर गंजासारखे डाग दिसले तर धोब्याशी भांडू नका. ॲव्होबेन्झोन नावाचं द्रव्य बोअरच्या पाण्यातल्या लोहाशी जमलं की हे होतं. क्लोरीनच्या ब्लीचने डाग आणखी पक्का होतो. इथे मात्र लिंबू खुशाल चोळा, कॉलरला सोरालेनचं भय नाही.

राहिली रंगपंचमी. पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारायचा असेल तर ‘वॉटर रेझिस्टंट’ ट्यूब घ्या. पाण्यात ती साधारण ४० किंवा ८० मिनिटं टिकते, ट्यूबवर आकडा आहे का बघा. घरून निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी लावा. खोबरेल तेल केसांना आणि नखांना, चेहऱ्यावर सनस्क्रीनच्या वर नको, त्याने थर सरकतो. बाहेर आल्यावर चेहरा अलगद टिपून पुन्हा लावायचं. टॉवेलने खसाखसा पुसलंत तर क्रीम जातं आणि रंग तेवढा राहतो.