पांडूच्या वाट्याच्या पंचवीस खुर्च्या

गेल्या गणेशोत्सवात आमच्या गृहसंकुलाने मोठ्या माणसांसाठी वेशभूषा स्पर्धा ठेवली होती आणि तिचा विषय ‘मराठी मालिकांमधील गाजलेली पात्रे’ असा होता. मी पांडू झालो. त्या संध्याकाळी मला बक्षीस मिळाले नाही, पन्नास रुपये मिळाले. आणि ते कशाबद्दल मिळाले हे सांगताना अजूनही माझे कान तापतात.

पांडू म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतला नाईकांच्या वाड्यावरचा गडी. ही मालिका २०१६ साली सुरू झाली, २०१९ मध्ये तिचे दुसरे पर्व आले आणि २०२१ मध्ये तिसरे. पहिल्या पर्वाच्या आरंभीच अण्णा नाईक मरण पावतात, मुलेबाळे वाड्यावर जमतात आणि मग त्या घरात जे काही सुरू होते ते पाहण्यासाठी आमच्या घरी रात्री साडेदहाला खिडक्या लावून घेतल्या जात. भूत तिसऱ्या मजल्यावर खिडकीतून येणार आणि दाराची घंटा वाजवणार नाही, अशी आमच्या सासूबाईंची पक्की समजूत होती. सगळे घर अण्णांच्या नावाने उशी छातीशी धरून बसे. मी मात्र पांडूची वाट पाहत बसे.

माझी ही आवड घरात कोणालाही कळली नाही. अण्णा आवडणे समजू शकते, कारण माधव अभ्यंकरांनी नुसत्या नजरेने माणूस अंगणात उभा जाळावा तसा तो अण्णा उभा केला होता. अण्णांची प्रेयसी शेवंता आवडण्याला तर कारण विचारण्याचीही पद्धत नाही. तिसऱ्या पर्वात शेवंताची अभिनेत्री बदलली तेव्हा त्याच्या बातम्या झाल्या आणि आमच्या जिन्यात त्यावर दोन दिवस चर्चा चालली. पण पांडू आवडतो म्हटल्यावर लोक ‘हो, तो पण मजेशीर होता’ असे म्हणत आणि ‘पण’ या शब्दावर विनाकारण जोर देत.

माझे म्हणणे असे आहे की त्या वाड्यातला खरा विचार करण्याजोगा माणूस पांडूच होता. भूतकथा ही मुळात न विसरण्याची कथा असते. मेलेला माणूस आपली जमीन विसरत नाही, फसवली गेलेली बाई आपला अपमान विसरत नाही, आणि जिवंत वारसदार वाटणीतला नारळ विसरत नाहीत. सगळा वाडा असा आठवणींनी कोंदटलेला असताना मधूनच एक माणूस येतो, मान तिरकी करतो आणि ‘इसारलंय’, म्हणजे ‘विसरलो’, असे म्हणतो. भुताने अशा माणसाचे काय करावे? त्याला झपाटायचे म्हटले तरी आपल्याला काल झपाटले होते हे त्याच्या सकाळी लक्षात राहायला हवे. शिवाय पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने दुसऱ्यांच्या तोंडी शिव्याशाप, कट आणि कबुलीजबाब घालावेत आणि स्वतःची ओळख म्हणून तो एकच शब्द ठेवावा, याला मी मोठेपणा समजतो.

आणि तरीही मालिकेने त्याला वापरला तो बहुतेक वेळा दिवा धरण्यापुरता, निरोप पोहोचवण्यापुरता आणि प्रेक्षकांची उशीवरची पकड दोन मिनिटे सैल करण्यापुरता. अण्णा आणि शेवंता यांना भूतकाळ मिळावा म्हणून अख्खे दुसरे पर्व मागे नेण्यात आले. पांडूच्या वाट्याला त्या मानाने उरलेसुरले आले. भुताच्या कोणत्याही गोष्टीत मध्यरात्री बाहेर काय वाजले ते पाहायला गड्यालाच पाठवतात, पण तो परत आल्यावर ‘तू जेवलास का’ असे त्याला कोणी विचारत नाही. सिंधुदुर्गात पहिल्या पर्वाच्या वेळी कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते म्हणून विरोध झाला होता. पुढे सावंतवाडीजवळच्या आकेरीतले ते घर पाहायला पर्यटक गाड्या थांबवू लागले. कोकणच्या बाजूने आणि विरुद्ध इतके बोलले गेले, पण रात्रीच्या पाळीत राबणाऱ्या त्या एका कोकणी गड्याची बाजू कोणी मांडल्याचे माझ्या कानावर आले नाही.

ती मांडावी म्हणून मी खाकी अर्धी चड्डी, बटण तुटलेला सदरा आणि खांद्यावर पंचा अशा वेशात मंडपात उतरलो. तिथे तीन अण्णा आणि चार शेवंता आधीच हजर होत्या. त्यांपैकी एक शेवंता म्हणजे मिशा काढून आलेले ‘ए’ विंगमधले गृहस्थ होते आणि त्यांच्या गजऱ्याचे सर्वांत जास्त कौतुक चालले होते. मी कोपऱ्यात मान तिरकी करण्याचा सराव करीत उभा होतो, तेवढ्यात संकुलाचे माजी खजिनदार काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस शिल्लक जुळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नाही.

“किती आणल्यात?” त्यांनी विचारले.

हा परीक्षकांचा काही गमतीचा प्रश्न असावा, असे मला वाटले. मी पात्रात शिरून म्हणालो, “मी पांडू.”

“नाव नाही विचारलं. खुर्च्या किती आणल्यात?”

“अहो काका, मी ‘रात्रीस खेळ चाले’मधला.”

“खेळ रात्री चालेल नाहीतर पहाटेपर्यंत चालेल, खुर्च्या आत्ता लागणार आहेत. सव्वाशे ठरल्या होत्या. मी स्वतः दोनदा मोजल्या, शंभरच भरल्या. पंचवीस कुठे आहेत?”

इथे मी पंचा काढून, घसा साफ करून, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि अकरा वर्षे एकाच उद्वाहनातून खाली उतरतो, एवढे सांगायला हवे होते. पण माणसाला कलेचा मोह कुठे आणि कधी होईल याचा नेम नसतो. आसपास दहाबारा माणसे उभी होती, त्यांत एक परीक्षक बाई होत्या, आणि इतक्या आयत्या चेंडूवर फटका न मारणे मला जमले नाही. मी डोळे शून्यात लावले, मान खांद्यावर टाकली आणि म्हणालो, “इसारलंय.”

“विसरलात?” काकांचा आवाज चढला. “आगाऊ रक्कम घेताना विसरला नव्हतात! अहो, ऐका हो, हे म्हणतायत विसरलो!”

या आरोळीने दुसऱ्या क्रमांकाचे अण्णा धावून आले. हे मूळचे नाशिकचे, त्यामुळे त्यांची मालवणी मुलाच्या भ्रमणध्वनीवर आठवडाभर घोकलेली होती, आणि ती वापरण्याची संधी त्यांना सकाळपासून मिळाली नव्हती. त्यांनी डोळे वटारले आणि गर्जना केली, “रे पांडू! खुर्च्यो हाड बेगीन!”

काकांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिले. “बघा, हे ओळखतात तुम्हाला. चला, बाहेर टेम्पोत असतील त्या आणा.”

आता हसून सोडून द्यावे असा हा प्रसंग आहे, हे मला मान्य आहे, आणि मी हसतही होतो. पण टेम्पोकडे जाताना एक गोष्ट मला बोचत राहिली. काकांची दृष्टी अधू नाही. गेल्याच आठवड्यात त्यांनी मला वाहनतळात अडवून माझ्या गाडीचे चाक पांढऱ्या रेघेच्या चार बोटे बाहेर असल्याचे दाखवले होते. मग चड्डी आणि पंचा दिसल्याबरोबर त्यांना माझा चेहरा दिसेनासा का व्हावा? मंडपाचा जो खरा कामगार टेम्पोत बसून विडी ओढत होता, त्याने मात्र मला पाहताच ‘साहेब, तुम्ही कशाला’ असे म्हटले. काका माझ्यामागे उभे नसते तर मी त्याच्या पाया पडलो असतो. ते उभे होते, म्हणून आम्ही दोघांनी मिळून पंचवीस खुर्च्या उतरवल्या आणि त्यांपैकी आठांची चवड मी डोक्यावर घेतली.

मी मंडपाच्या कनातीमागे पोहोचलो तेव्हा ध्वनिक्षेपकावरून माझा पुकारा सुरू झाला होता. “स्पर्धक क्रमांक नऊ, पांडू. पांडू आहेत का?” मी ओरडलो, पण चवडीखालून आलेला आवाज कनातीपलीकडे जाईना. “पांडू? शेवटचा पुकारा करतोय. पांडू?” तेव्हा प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणाले, “इसारला असेल!”

सबंध मंडप हसला. त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा तो होता. दोन महिने मी ज्या टाळीची वाट पाहिली ती पडली, आणि मी कनातीच्या मागच्या बाजूला मान ताठ धरून उभा होतो, कारण मान जराही तिरकी केली असती तर आठही खुर्च्या खाली आल्या असत्या. पहिले बक्षीस गजऱ्यातल्या गृहस्थांना गेले. दुसरे नाशिकच्या अण्णांना गेले, आणि परीक्षक बाईंनी त्यांच्या ‘उत्स्फूर्त संवादफेकीचा’ खास उल्लेख केला. तो संवाद ज्याच्यावर फेकला होता तो त्या वेळी शेवटची रांग लावत होता.

कार्यक्रम संपल्यावर काकांनी मला बाजूला घेतले आणि माझ्या हातात पन्नासाची नोट ठेवली. “चहा घ्या,” ते म्हणाले, “आणि पुढच्या वर्षी मोजून आणा.” मी ती घेतली. ती का घेतली हे पत्नीने घरी विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. मला वाटते, त्या क्षणी ती परत करणे हा पांडूचा अपमान झाला असता. निदान मी स्वतःची समजूत तशी घातली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्वाहनात काका भेटले. मी इस्त्रीच्या कपड्यांत होतो. “काल कुठे होतात?” त्यांनी आपुलकीने विचारले. “कार्यक्रम छान झाला. फक्त त्या खुर्च्यावाल्याने घोटाळा केला.”

अनंत चतुर्दशीनंतर सूचना फलकावर उत्सवाचा हिशेब लागला. रोषणाई, निर्माल्याचे वाहन, ध्वनिक्षेपक, प्रसाद, आणि सतराव्या ओळीत ‘खुर्च्या वाहण्याची मजुरी (श्री. पांडू) : १०० रुपये’. उरलेल्या पन्नास रुपयांबद्दल मला काकांना विचारायचे आहे. त्यासाठी ती खाकी चड्डी आणि पंचा पुन्हा घालून जावे लागेल, कारण एरवी श्री. पांडू मीच आहे यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.