मोतीबिंदूनंतर सुजेचे ड्रॉप्स बंद करा म्हणणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, काल मामानेही तोच पाठवला. थोडक्यात असं की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की आठवडाभर अँटिबायोटिकचे थेंब पुरे, सुजेचे ड्रॉप्स म्हणजे नुसता धंदा, हल्ली लेझरने होतं म्हणून पडद्याला सूज येतच नाही, आली तर डोळा लाल होऊन दुखतो तेव्हा बघू, आणि महागडी लेन्स टाकली की प्रश्नच मिटला. खाली सतरा जणांचे अंगठे. मी गप्प बसू शकत नाही कारण हे माझ्या आईच्या बाबतीत झालंय.

आधी लेझरचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी होतं ते फेको, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून काढतात, लोक त्याला सवयीने लेझर म्हणतात. छेद अडीच मिलिमीटरच्या आसपास, टाका बहुधा लागत नाही, हे खरं. पण छेद छोटा असला तरी आत जी हाताळणी होते त्याने प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, ती मागे पडद्यापर्यंत पोचतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो त्या मॅक्युलात पाणी साठतं. डॉक्टर हे 1953 पासून ओळखतात, आयर्विन नावाच्या डॉक्टरांनी तेव्हा वर्णन केलं आणि पुढे गॅस यांनी, म्हणून आयर्विन-गॅस सिंड्रोम.

"डोळा दुखेल तेव्हा बघू" हे मला सगळ्यात घातक वाटतं. पडद्याची सूज दुखत नाही, डोळा लालही होत नाही!! आणि ती आठवड्यात दिसत नाही, साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात वर येते, म्हणजे बरोब्बर तेव्हा जेव्हा सगळे म्हणतात झालं आता बरं. आईने आठव्या दिवशी ड्रॉप्स बंद केले होते, डोळा छान होता, पेपर वाचत होती. पाचव्या आठवड्यात सकाळी चहा घेताना म्हणाली, अगं खिडकीचे गज मधेच वाकल्यासारखे का दिसतायत, मी म्हटलं चष्मा पूस. आठ दिवस आम्ही चष्माच पुसत राहिलो. मग ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन केला, स्क्रीनवर पडद्याच्या मधोमध फुगवटा आणि त्यात पाण्याच्या पोकळ्या स्पष्ट दिसत होत्या, आईने विचारलं हे माझ्याच डोळ्यात आहे का.

आता "धंदा". दोन प्रकारचे ड्रॉप्स असतात, एक स्टेरॉइडचे (प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन) आणि दुसरे नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक, केटोरोलॅक वगैरे, जे प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच अडवतात. अँटिबायोटिक जंतूंसाठी असतं, त्याचा या सुजेशी संबंध नाही. युरोपातल्या प्रीमेड अभ्यासात डायबेटीस नसलेल्या 900 हून जास्त पेशंटना तीन गटात विभागलं होतं, बारा आठवड्यांत नुसतं डेक्सामेथासोन घालणाऱ्यांत 5.1 टक्के लोकांना दखल घेण्याइतकी सूज आली, नुसतं ब्रोमफेनॅक 3.6, आणि दोन्ही घालणाऱ्यांत 1.5. फरक डोळ्यासमोर आहे.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते. बऱ्याच जणांची सूज हळूहळू आपोआप उतरते, आणि ड्रॉप्समुळे वर्षानंतरची नजर जास्त चांगली राहते याचा पक्का पुरावा कमी आहे. पण कुणाची उतरेल आणि कुणाची रेंगाळेल हे घरी बसून कळत नाही, आणि ज्यांना डायबेटीस आहे, पूर्वी डोळ्याच्या आतली सूज येऊन गेलीये, पडद्यावर आधीच पापुद्रा आहे किंवा ऑपरेशनमध्ये लेन्समागची पिशवी फाटली, त्यांना धोका कितीतरी जास्त. आईला चौदा वर्षं शुगर आहे. उलट बाजूही सांगते, स्टेरॉइडने काहींचं डोळ्याचं प्रेशर वाढतं, आणि दुसऱ्या प्रकारच्या ड्रॉप्सनी डोळे खूप कोरडे असलेल्या किंवा संधिवाताच्या पेशंटच्या बुबुळाला क्वचित इजा होते, म्हणून मनाने वाढवू नका आणि मनाने थांबवूही नका, डॉक्टर तक्त्याप्रमाणे उतरवत नेतात.

महागडी लेन्स? लेन्सने लांबचं-जवळचं कसं दिसेल ते ठरतं, सूज थांबत नाही. इतकंच.

आणि घालताना: प्रेडनिसोलोन आणि नेपाफेनॅकच्या बाटल्या हलवायला लागतात, औषध तळाला बसलेलं असतं, आम्ही हे पहिल्यांदा केलंच नव्हतं. खालची पापणी ओढायची, एकच थेंब, मग नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबायचा, दुसऱ्या ड्रॉपच्या आधी पाच मिनिटं थांबायचं.

आईची सूज उतरायला जवळजवळ तीन महिने लागले. पुढच्या महिन्यात तिचा दुसरा डोळा आहे, एका डोळ्याला सूज आलेली असली की दुसऱ्यालाही यायची शक्यता जास्त असते, म्हणून या वेळी ओसीटी आधीच झाली, ड्रॉप्स ऑपरेशनच्या आधीपासून चालू करायचेत आणि सहाव्या आठवड्याची तपासणी कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवलीये. काल रात्री हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. त्याने ग्रुपवरून मेसेज काढला आणि सकाळचे ड्रॉप्स मी येऊन घालीन म्हणाला.