दुसऱ्याचं सापडत नाही

परवा चारचौघांत माझी शोभा झाली ती एका अक्षरापायी. ते अक्षर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ज्याला त्याला सांगत सुटलो तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

मला म्हणी गोळा करायचा नाद आहे. दिवसभर लोकांची सॉफ्टवेअरं लिहायची आणि रात्री म्हणी टंकायच्या. काही जुन्या वहीतल्या, काही नातेवाइकांनी मेसेजमधून पाठवलेल्या, सगळ्या एका फाइलीत. त्या फाइलीत शोधण्यापुरता एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. इथवर ठीक होतं. पण तो मी घरी जमलेल्या मंडळींना दाखवायला गेलो, आणि मंडळींत बाबांचे मित्र होते.

हे काका छापखान्यातले जुने जुळारी. हयात शिशाचे खिळे जुळवण्यात गेली, त्यामुळे उलटं अक्षर त्यांना सुलट्यापेक्षा लवकर वाचता येतं. माणसंही ते त्याच बाजूनं वाचतात.

"सांगा काका, कुठलाही शब्द सांगा."

"दुसऱ्याचं."

मी टाइप केलं. निकाल शून्य.

आता "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" ही म्हण त्याच पडद्यावर, शोधायच्या चौकटीच्या दोन बोटं खाली, ढळढळीत दिसत होती. काकांनी चष्मा पुसला, परत लावला आणि तिच्यावर बोट टेकवलं.

"हे काय आहे मग?"

"ते... ते दुसरं दुसऱ्याचं आहे."

मागून कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे.

भानगड अशी आहे. 'दुसऱ्या'तला तो आडवा, कोयत्यासारखा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक: खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. दोन: साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या'. बघा, दिसतोय फरक? मलाही नाही दिसत. पण संगणकाच्या लेखी ही दोघं एकमेकांची कुणी लागत नाहीत. फाइलीतली म्हण जुन्या फोनवरून आलेली, शोधताना टंकलं ते नव्या कळफलकावर. हे मी काकांना समजावून सांगायला बसलो, हीच चूक झाली.

"शून्य रुंदीचं अक्षर?"

"हो. जोडणीसाठी घालतात."

"कुठाय?"

"दिसत नाही."

"छापल्यावर?"

"तेव्हाही नाही."

"मग ते आहे हे तुला सांगितलं कुणी?"

"बाइट मोजले, काका. यूटीएफ-८ नावाच्या साठवायच्या पद्धतीत ते तीन बाइट जागा घेतं."

"आणि आपला क किती घेतो?"

"तीनच."

काकांनी बराच वेळ छताकडे बघितलं. "म्हणजे जागा 'क'एवढी अडवायची, दिसायचं नाही, आणि काम काय, तर शेजारच्याचा हात धरून उभं राहायचं. आमच्याकडे असा एक मुकादम होता."

मग त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. त्यांच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, प्रत्येक खिळ्याला खण होता आणि डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच खिळा बोटाला लागायचा. एकदाच घोटाळा झाला. कुणा कवीच्या संग्रहात 'दर्या' या कवितेच्या मथळ्यात रफाराऐवजी अर्धा र बसला आणि 'दऱ्या' छापून आलं. खाली कविता सगळी लाटांची. "कवी मारायला धावला," काका म्हणाले, "पण समीक्षकाला त्यात खोली सापडली. तेव्हा तो गप्प झाला. तुझ्या यंत्राला ना दर्या सापडतो ना दऱ्या."

रात्री चिडून बसलो दुरुस्तीला. आधी युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं, म्हणजे एकाच अक्षराच्या निरनिराळ्या लिखाणांना एका साच्यात आणायची सोय. त्यानं साधा र आणि सुटा नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, यांचा मिळून एक ऱ केला, पण अदृश्य महाशयांना हात लावला नाही. मग म्हटलं, उपटूनच टाकू. फाइलीतले सगळे जॉइनर पुसले. त्यासरशी जॉइनरवाल्या सगळ्या 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं, आणि मावशीच्या मेसेजमधलं आई-बाबा-मुलगा असं एकत्र कुटुंबाचं चित्र विभक्त झालं: आई एकीकडे, बाबा एकीकडे, पोरगं तिसरीकडे. इमोजीतली माणसंही याच जॉइनरनं बांधलेली असतात, हे मला तेव्हा कळलं. एकूण, मावशीच्या घरात भांडण लावलं ते मी. फाइलीची जुनी प्रत ठेवलेली होती म्हणून निभावलं.

शेवटी उपाय निघाला तो चार ओळींचा: र, हलन्त, जॉइनर असा क्रम दिसला की तिथं ऱ आणि हलन्त बसवायचा, बाकी जॉइनरना धक्का लावायचा नाही. चार ओळींना दोन रविवार. त्याच ओघात 'ॲप'ही सापडत नाही असं लक्षात आलं, कारण हा ॲ युनिकोडमध्ये थेट २००८ साली आला आणि तोवर लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत होते. दिसायला दोन्ही तेच. नॉर्मलायझेशनच्या दृष्टीनं मात्र त्यांचं काही नातं नाही.

यात खरी चीड कशाची येते सांगू? हा जो ऱ आपण 'दुसऱ्या'त वापरतो, तो युनिकोडच्या तक्त्यात द्राविडी भाषांतल्या र साठी नोंदवलेला आहे. त्याचा अर्धा भाग तेवढा आपल्या कामी येतो. म्हणजे आपल्याच शब्दात आपण पोटभाडेकरू. मी एका कळफलकाच्या कर्त्यांना हे सगळं सविस्तर कळवलं. उलट उत्तर आलं की देवनागरी तपासलेली आहे, हिंदीत व्यवस्थित चालते. अहो, हिंदीत चालणारच! हिंदीला हा अर्धा र लागतच नाही. ज्याला दात नाहीत त्याला विचारून दाताचं औषध ठरवायचा प्रकार. मी परत लिहिलं. तक्रार बंद करण्यात आल्याची सूचना आली, आणि ती मात्र शुद्ध मराठीत होती.

असो. प्रोग्रॅम आता चालतो. 'दुसऱ्या' म्हटलं की बाब्याही येतो आणि डोळ्यातलं कुसळही येतं. मी काकांना तसं कळवलं, जरा तोऱ्यातच. त्यांचा उलट मेसेज आला: "छान. ही नवीन म्हण घाल आणि मग शोधून दाखव."

खाली वहीच्या पानाचा फोटो होता. पेन्सिलीनं लिहिलेला. आडवा.