बरगंडी सहलीबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार. आमच्याबरोबर केलेल्या फ्रान्समधील बरगंडी प्रांताच्या सहलीत बोन या गावी आपल्या शाकाहारी आईंना दुपारचे जेवण मिळाले नाही, रात्रीही केवळ चीज आणि पाव पुढे आला, आणि जुन्या रुग्णालयाचे रंगीत कौलांचे छप्पर सोडले तर बाकीचा दिवस ‘भिंती आणि शेते पाहण्यात’ गेला, असे आपण लिहिले आहे.

जेवणाबाबतचा दोष सर्वस्वी आमचा आहे. तिकडे बहुतेक उपाहारगृहांची स्वयंपाकघरे दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, हे ठाऊक असूनही आम्ही दिजाँ शहरातून उशिरा निघालो. वयस्कर आईंना बिस्किटांवर दिवस काढावा लागला, याची मला लाज वाटते. चीजच्या बाबतीत तर आपल्या लक्षात आली त्याहून मोठी चूक झाली आहे. फ्रान्समधली बरीचशी पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेट या पाचक द्रव्याने दूध साकळवून करतात आणि हे शाकाहारी प्रवाशांना आधीच सांगणे आमचे कर्तव्य होते. आईंची मी मनापासून क्षमा मागतो.

शेतांविषयी मात्र आपले मत मला मान्य करता येत नाही. आपल्याकडे शेताच्या तुकड्याला जसे नाव असते, तसे तिथे द्राक्षमळ्याच्या प्रत्येक तुकड्याला असते. त्याला ‘क्लिमा’ म्हणतात, आणि एकाच पिनो न्वार द्राक्षाची वाइन मधली पायवाट ओलांडताच माती व उतार बदलल्यामुळे वेगळी लागते. याच तुकड्यांना 2015 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपण पाहिलेली भिंत क्लो द वूजोची, म्हणजे बाराव्या शतकात सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी उभ्या करायला घेतलेल्या मळ्याची होती. आणि आपल्याला आवडलेले ते छप्पर ज्या रुग्णालयाचे आहे, ते बरगंडीच्या ड्यूकचे चान्सलर निकोला रोलँ आणि त्यांच्या पत्नीने 1443 मध्ये गोरगरिबांसाठी स्थापन केले. पुढे लोकांनी त्याला द्राक्षमळे दान दिले, आणि त्यांच्या वाइनचा 1859 पासून होत आलेला लिलाव आजही नोव्हेंबरात भरतो. ते छप्पर आणि ती शेते वेगळी नाहीत, म्हणूनच पायी चालण्याचा तो भाग मी सहलीतून काढणार नाही.

हे सारे आमच्या मार्गदर्शकाने त्या भिंतीपाशीच सांगायला हवे होते. ते झाले नाही, हे मी मान्य करतो.

त्या दिवसाच्या दोघींच्या जेवणाची रक्कम परत करण्यासाठी आमच्या कार्यालयातून आपल्याला याच आठवड्यात दूरध्वनी येईल. पुढील सहलींत बोनमधले जेवण साडेबाराला, शाकाहारी पदार्थ आधी लेखी ठरवूनच आरक्षित केले जाईल.

आपला नम्र,
संचालक